तांब्यावरचे लेलिवा : एका पोलिश घराण्याची ढाल नाशिकमध्ये घडवून घेताना

गेल्या आषाढात भांडी बाजारामागच्या बोळातील एका तांबटाकडे मी तांब्याच्या पत्र्यावर उठावाच्या कामाचे दोन पट घडवायला दिले आणि दिवाळीला आठ दिवस उरले असताना ते माझ्या हातात आले. लहान पट ९ इंच रुंद व ११ इंच उंच असून मोठा १४ बाय १८ इंचांचा आहे. दोन्हींवर ‘लेलिवा’ नावाचे एक पोलिश कुलचिन्ह आहे. लहान पटावर केवळ ढाल आहे, तर मोठ्यावर ढालीसह शिरस्त्राण, मुकुट आणि मोरपिसांचा तुरा आहे. लहान पटाचे ४,२०० रुपये आणि मोठ्याचे सागवानी चौकटीसह ११,५०० रुपये पडले. असले काम नाशिकमध्ये कोणी करून देते का, दिलेच तर ते कसे उतरते आणि करवून घेणाऱ्याने काय पाहावे, असे विचारणारे बरेच जण भेटले, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. कारागिराचे नाव मात्र लिहीत नाही. या कामात त्याच्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती त्याने स्वतःच्या खर्चाने निस्तरली. या दोन्हींविषयी मोकळेपणाने लिहायचे तर नाव न घेतलेलेच बरे.

हा उद्योग सुरू झाला तो माझ्या पुतण्यामुळे. निफाड तालुक्यातील बागांची द्राक्षे तो युरोपात पाठवतो आणि त्याचे एक जुने ग्राहक पोलंडच्या दक्षिणेकडील टार्नुफ या शहराचे रहिवासी आहेत. (शहराचे नाव नकाशात पाहून आपण ‘टार्नोव’ म्हणू, पण पोलिश उच्चारात शेवटच्या ‘व’चा ‘फ’ होतो.) त्या गृहस्थांना नाशिककडची काही खास वस्तू द्यायची होती, येवल्याची पैठणी, चिवडा आणि वाइन देऊन झाली होती, तेव्हा त्यांच्याच शहराचे चिन्ह तांब्यावर घडवून द्यावे, असे मी सुचवले. चिन्ह नेमके कसे आहे हे पाहू लागलो, तेव्हा कळले की शहराचे म्हणून जे मिरवले जाते ते मुळात एका घराण्याचे चिन्ह आहे. त्या घराण्याच्या इतिहासात मी असा गुंतलो की एक पट त्यांच्यासाठी आणि एक स्वतःसाठी, असे दोन सांगून बसलो. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी २८ वर्षे तपासणीच्या कामावर काढली. भिंग लावून रेघा मोजण्याची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही, हे वाचकांनी पुढचा मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रात पोलंड म्हटले की कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते, जेथे महायुद्धाने देशोधडीला लागलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात राहिले. त्याआधीच्या पोलिश इतिहासाशी आपला फारसा संबंध येत नाही. परंतु घराण्याची ओळख करून दिल्याशिवाय पटावर काय साधले आणि काय बिघडले हे सांगता येणार नाही, म्हणून थोडे विषयांतर वाटले तरी ते करतो.

१३३० च्या मार्च महिन्यात राजा वुआदिस्वाव वोक्येतेक याने स्पिचिमिर नावाच्या सरदाराला नगर वसवण्याची सनद दिली आणि त्यातून टार्नुफ उभे राहिले. स्पिचिमिरच्या वंशजांपैकी एका शाखेने या नगरावरून आडनाव घेतले. पोलिशमधील ‘स्की’ हा प्रत्यय अशा नावांत आपल्या ‘कर’सारखेच काम करतो, त्यामुळे टार्नोव्स्की म्हणजे सरळ टार्नुफकर, आणि त्या घरच्या स्त्रीचे आडनाव टार्नोव्स्का. या घराण्यातील सर्वांत नावाजलेला पुरुष म्हणजे यान टार्नोव्स्की (१४८८–१५६१). तरुणपणी तो देशोदेशी हिंडला, जेरुसलेमची यात्रा करून आला आणि पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाच्या बाजूने आफ्रिकेत लढला. ज्याच्या आज्ञेने वास्को द गामा कालिकतला आला, तोच हा मॅन्युएल. पुढे यान पोलंडचा सरसेनापती झाला; तिकडे त्या पदाला ‘हेत्मान’ म्हणतात. २२ ऑगस्ट १५३१ रोजी ओबर्तिन येथे सुमारे सहा हजार सैनिकांनिशी त्याने जवळजवळ तिप्पट मोठ्या मोल्दाव्हियन फौजेचा पराभव केला. १५४७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याला काउंट हा किताब दिला. टार्नुफच्या कॅथेड्रलमध्ये त्याची समाधी असून ती पादोव्हानो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इटालियन शिल्पकाराने घडवली आहे.

यानचा मुलगा १५६७ मध्ये निपुत्रिक वारला आणि शहर यानच्या मुलीच्या सासरी, म्हणजे ऑस्त्रोग्स्की घराण्याकडे गेले. पुढची कथा आपल्याला परकी वाटू नये. १५७० मध्ये भावकीतल्या स्तानिस्वाव टार्नोव्स्कीने हत्यारबंद माणसे आणून शहराचा ताबा घेतला, पण तो टिकला नाही. भाऊबंदकी आणि वतनाचा वाद ही केवळ आपली मिरास नाही, एवढे यावरून समजावे. माझ्या पटांपुरता महत्त्वाचा मुद्दा असा की घराणे शहरातून गेले, तरी ढालीवरची चंद्रकोर आणि चांदणी शहराने ठेवून घेतली. म्हणूनच टार्नुफच्या एका साध्या नागरिकाला ती भेट देता येते. मात्र शहराच्या चिन्हात फक्त ढाल असते. शिरस्त्राण आणि तुरा हे घराण्याचे. ग्राहकासाठीच्या पटावर मी निव्वळ ढाल सांगितली ती याच कारणाने. दुकानदाराचा आग्रह होता की इतका खर्च करता आहात तर वरचा साजही घालू. तो आग्रह मी मोडला आणि त्याबद्दल मला आजही समाधान आहे.

घराण्याची दुसरी शाखा जिकुफ येथे नांदली, जे आज टार्नोब्झेग शहराचा भाग आहे. तिथल्या वाड्यात चित्रांचा आणि ग्रंथांचा मोठा संग्रह होता. रेम्ब्रांटचे म्हणून प्रसिद्ध असलेले घोडेस्वाराचे चित्र याच संग्रहातले. ते १९१० मध्ये अमेरिकेतील हेन्री फ्रिक यांना विकले गेले आणि आज न्यूयॉर्कमध्ये आहे. १९२७ च्या डिसेंबरात वाड्याला भीषण आग लागली. त्याआधीच, १९२१ च्या राज्यघटनेने सरदारी किताब आणि कुलचिन्हे यांना मान्यता नाकारली होती. १९४४ च्या जमीन सुधारणेत मोठ्या जमीनदारांच्या जमिनी आणि वाडे सरकारजमा झाले. आपल्याकडचा कूळकायदा आठवावा, फक्त तिकडे मालकाला मोबदला मिळाला नाही. जिकुफच्या वाड्यात आज शहराचे संग्रहालय आहे.

आता चिन्हाकडे वळतो, कारण पटाचा खरा कस तिथेच लागतो.

पश्चिम युरोपात बहुधा एका घराण्याचे एक चिन्ह असते. पोलंडमध्ये तसे नाही. तिथे एकच चिन्ह अनेक, कधी शेकडो आडनावांच्या घराण्यांत वाटलेले असते आणि त्या चिन्हाला स्वतःचे नाव असते. लेलिवा हे टार्नोव्स्कींचे, तसेच शेन्याव्स्कींचे आणि चाप्स्कींचेही. यांत सर्वांचे रक्ताचे नाते असेलच असे नाही. हे समजावून सांगताना मला तांबटापुढे देवकाचे उदाहरण द्यावे लागले आणि ते त्याला लगेच पटले. आडनावे निराळी, गावे निराळी, पण लग्नात देवक एकच पूजले जाते. कुणाचे कळंब, कुणाचे मोराचे पीस. फरक एवढाच की सारखे देवक निघाले तर आपल्याकडे सोयरीक होत नाही, आणि तिकडे सारख्या चिन्हाच्या घरांत लग्नाला अशी आडकाठी नाही. होरोद्वो येथे १४१३ मध्ये तर याहून नवलाची गोष्ट घडली: पोलंड आणि लिथुएनिया यांच्या करारात पोलिश चिन्हसमूहांनी ४७ लिथुएनियन सरदारांना आपापली चिन्हे बहाल करून जणू दत्तकच घेतले. त्या वेळी लेलिवा मिळाले ते मोनिविद नावाच्या विल्नियसच्या सरदाराला. एखाद्या राजकीय करारात देवक वाटून द्यावे, अशी कल्पना करून पाहा.

लेलिवाचे शब्दवर्णन असे आहे: निळ्या ढालीवर टोके वर असलेली सोनेरी चंद्रकोर, तिच्यावर सहा टोकांची सोनेरी चांदणी, ढालीच्या वर शिरस्त्राण, त्यावर मुकुट, मुकुटातून निघालेला मोराचा पिसारा आणि पिसाऱ्यावर पुन्हा तीच चंद्रकोर व चांदणी. कुलचिन्हांच्या विद्येत बंधन असते ते या शब्दांचे. चंद्रकोर बारीक की जाड, पिसे किती, शिरस्त्राण कोणत्या घडणीचे, हे कारागिराच्या हातावर सोडलेले असते. दोन चित्रे एकमेकांसारखी दिसत नसली तरी दोन्ही बरोबर असू शकतात, आणि एक चित्र हुबेहूब दिसत असूनही एका चांदणीमुळे चूक ठरते. आपल्या राजमुद्रांमध्ये अक्षरांना महत्त्व असते; शिवछत्रपतींच्या मुद्रेतही प्रतिपदेची चंद्रकोर आहे, पण ती शब्दांत आहे. पोलिश चिन्हात शब्द नियम सांगतात आणि चंद्र प्रत्यक्ष दिसतो.

तांबटाकडे जाण्यापूर्वी मी शहरातल्या एका ट्रॉफीच्या दुकानात चौकशी केली होती. तिथे लेसरने कोरून १,८०० रुपयांत काम होणार होते आणि नमुना दहा मिनिटांत पडद्यावर आला. त्यात चंद्रकोर आडवी होती, चांदणीला पाच टोके होती आणि एकंदर तुर्कस्तानचा झेंडा दिसत होता. दुकानातल्या मुलाने तो इंटरनेटवरून उतरवला होता. तिथून मी आभार मानून बाहेर पडलो.

तांबटाचा कारखाना म्हणजे दोन खणांची जागा आहे. बाहेर घंगाळी, बंब, तांबे आणि कळशा, आत भट्टी आणि राळेचे पाट. पत्रा तापवून नरम करायचा, गरम राळेवर बसवायचा, मागून ठोकून उठाव काढायचा, पुन्हा उलटा करून पुढून कलमांनी रेघा आणि बारकावे काढायचे, असा हा क्रम आहे. पत्रा कडक झाला की पुन्हा भट्टीत जातो. मोठ्या पटाला असे पाच वेळा झाले. म्हाताऱ्या कारागिराचे काम बघत बसणे हा या व्यवहारातला सर्वांत सुखाचा भाग होता आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

गणपती उठल्यावर निरोप आला की मोठा पट तयार आहे. मी गेलो तर ढालीवर चंद्रकोर अचूक होती आणि तिच्यावर चांदणीच्या जागी सोळा किरणांचा, मिशा असलेला, हसरा सूर्य होता. काम इतके सुरेख होते की क्षणभर काय बोलावे ते सुचेना. मी चित्राकडे बोट दाखवले तेव्हा म्हातारबुवांनी शांतपणे सांगितले, “काका, चंद्राच्या जोडीला सूर्यच असतो. एकटी चांदणी घेऊन काय करायचे?”

त्यांचे चुकले असे मला म्हणवत नव्हते, कारण त्यांच्या हाताला जे ठाऊक होते ते खरेच होते. वीरगळ असो, गधेगाळ (शापवचनाचा दगड) असो की दानाचा शिलालेख, चंद्रसूर्य असतील तोवर हे दान चालो, या अर्थाने ते दोघे शेजारी कोरलेले असतात. आपल्या भागात ही परंपरा फार जुनी आहे. चष्टन राजापासूनच्या पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर कमानींच्या डोंगरावर चंद्रकोर आणि बाजूला चंद्र व सूर्याची चिन्हे दिसतात. अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात मी अशी नाणी पाहिली आहेत. पण पोलिश चिन्हांच्या जगात एवढ्या बदलाने घराणेच बदलते. चंद्रकोरीवर चांदणीऐवजी क्रूस ठेवला आणि ढाल लाल केली की ते शेलिगा होते. लाल ढालीवर दोन चंद्रकोरींच्या मधे तलवार आली की ओस्तोया. मिशीवाला सूर्य ठेवला तर ते कोणाचेच राहत नाही. मी हे सांगितले, म्हातारबुवांनी ऐकून घेतले, आपल्या मुलाकडे पाहिले आणि पत्रा बाजूला ठेवला. पुढच्या पत्र्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. तो सूर्यवाला पट नंतर त्यांनी दुकानात दर्शनी लावला आणि माझ्या समोरच एका देवस्थानच्या विश्वस्तांनी त्याची किंमत विचारली.

या चुकीत माझाही वाटा होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मी केवळ चित्र दिले होते, शब्द दिले नव्हते. दुसऱ्या वेळी वर्णन मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले: चांदणी, सूर्य नव्हे, टोके सहा, चेहरा नाही. तो कागद कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टोचून ठेवला गेला आणि त्यानंतर एकही गोष्ट चुकली नाही.

रंगांचा प्रश्न याहून अवघड होता. तांब्यावर निळे आणि सोनेरी कसे दाखवायचे? मुलाने दोन उपाय सुचवले: तैलरंग भरणे किंवा ३,५०० रुपये वाढवून चंद्र-चांदणीला सोन्याचा मुलामा देणे. रंग मला नको होते, कारण चार वर्षांत पोपडे सुटतात. मुलामा चांगला दिसला असता, पण भोवतीचे तांबे उघडे राहिले की ते लालसर दिसते आणि जाणकाराला ढाल लाल आहे असे वाटते. निळ्या ढालीच्या चिन्हाची ती फसवणूकच झाली असती. सुदैवाने या अडचणीवर तोडगा छापखान्यांनीच चारशे वर्षांपूर्वी काढून ठेवला आहे. काळ्या शाईत रंगीत ढाली छापायच्या तर रंग कसे कळणार, म्हणून खोदकाम करणाऱ्यांनी रेघांचे संकेत वापरायला सुरुवात केली आणि सिल्वेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडिताने १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथामुळे त्यांतील एक पद्धत सर्वत्र रूढ झाली. आडव्या समांतर रेघा म्हणजे निळा, उभ्या रेघा म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोने, आणि कोरी जागा म्हणजे चांदी. प्रेसमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला ही पद्धत वाचताना घरी आल्यासारखे वाटले, हे वेगळे सांगायला नको.

म्हातारबुवांना ही कल्पना फार आवडली. “म्हणजे रंग हाताने वाचायचा,” ते म्हणाले. फुगीर पृष्ठभागावर समांतर रेघा काढणे सोपे नसते. कलम चढावर घसरते. त्यांनी आधी दोऱ्याला काव लावून खुणा उमटवल्या आणि मग प्रत्येक रेघ तीन-तीन वेळा हलक्या ठोक्यांनी खोल केली. मी घरी आणून भिंगाखाली मोजले: ढालीवर ८३ रेघा आहेत, आणि चंद्रकोरीच्या डाव्या टोकाखाली एक रेघ थोडी वर सरकली आहे, ती सोडून सर्व सरळ आहेत. चंद्रकोर आणि चांदणी यांवर टोकदार कलमाने ठिपके मारले आहेत आणि ते कडेला दाट, मधे विरळ होत जातात. हे मी सांगितले नव्हते. उठाव अधिक दिसावा म्हणून त्यांनी आपण होऊन केले. नियमाला धक्का नाही आणि डोळ्याला सुख, असे काम यालाच म्हणावे. संध्याकाळी दिवा बाजूने पडला की ढालीचा पृष्ठभाग गडद दिसतो आणि चंद्र झळकतो.

मोरपिसांबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. युरोपातील जुन्या चित्रांत हा पिसारा काटेकोर, हातपंखा उघडल्यासारखा असतो. इथल्या पटावरचे डोळे पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखे आहेत, टपोरे, आत दुहेरी कडे असलेले, आणि पिसांच्या मधल्या जागेत बारीक बुट्टी. म्हातारबुवांनी कधी पोलंडचा पिसारा पाहिलेला नाही. येवल्याचे पदर मात्र आयुष्यभर पाहिले आहेत. एखादा परीक्षक याला दोष म्हणेल. मला तसे वाटत नाही. वर्णनात ‘मोराचा पिसारा’ एवढेच आहे आणि तो इथे निर्विवाद मोराचा आहे. शिरस्त्राणावरून दोन्ही बाजूंना उतरणारी वस्त्रे पानावेलींसारखी झाली आहेत, तीही चालण्यासारखी. मुकुट मात्र मनासारखा नाही. तीन पाने आणि त्यांच्यामधे दोन मोती, असा तो असायला हवा. मोती आहेत, पण मधले पान इतके उंच आणि निमुळते झाले आहे की लांबून देवळाचा कळस वाटतो. मी ते सुधारून मागितले, तेव्हा पत्रा त्या जागी पातळ झाला असून आणखी ठोकला तर फुटेल, असे उत्तर मिळाले. ते खरे असावे. काही टार्नोव्स्की काउंट होते म्हणून नऊ मोत्यांचा काउंटी मुकुट घालता आला असता, पण माझ्यासारख्याने आपल्या भिंतीवर कोणाचा किताब मिरवावा, हे मला रुचले नाही.

लहान पटाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण तो पहिल्याच वेळी बिनचूक उतरला. पुतण्या तो हातातल्या सामानातून घेऊन गेला. ग्राहकांनी चिन्ह तत्काळ ओळखले आणि त्यांच्या शहरात ते बसस्थानकापासून नगरपालिकेच्या पत्रापर्यंत सगळीकडे दिसते, पण तांब्यावर कधी पाहिले नव्हते, असे सांगितले.

उणिवा आता एकत्र सांगून टाकतो. काम गणपतीपर्यंत देण्याचे ठरले होते, ते दिवाळीच्या तोंडावर मिळाले. त्यातला महिनाभर चुकीच्या सूर्यामुळे गेला हे खरे, पण उरलेला उशीर सिंहस्थासाठी आलेल्या कळशांच्या मागण्यांमुळे झाला, आणि ते आधी सांगायला हवे होते. तांबे काळे पडू नये म्हणून वरून जो पारदर्शक लेप देतात तो मोठ्या पटाच्या खालच्या रेघांमध्ये साचला आहे आणि तिथे पिवळट डाग दिसतो. चौकटीमागचा आकडा कामचलाऊ आहे. मोठ्या पटाचे नुसत्या तांब्याचे वजन सव्वा किलो, त्यात सागवान, तेव्हा मी घरी सुताराकडून दोन आकडे बसवून घेतले. पावती मागितल्यावर मिळाली, पण दोनदा मागावी लागली. लेप न देता पट घेतला तर चिंच-मिठाने घासता येतो, मात्र ठिपक्यांमध्ये चिंचेचा चोथा अडकतो आणि दात घासण्याच्या ब्रशने काढावा लागतो, हे मी लहान पटाच्या एका नमुन्यावर करून पाहिले आहे.

एवढे असूनही पाचपैकी चार गुण मी सहज देतो आणि एक गुण कापतो तो मुकुटासाठी नव्हे, उशिरासाठी. ट्रॉफीच्या दुकानातले काम स्वस्त, झटपट आणि चुकीचे होते. इथले काम महाग आणि संथ होते, पहिल्यांदा चुकलेही, पण चूक सांगितल्यावर कारागिराने वाद घातला नाही, नवा नियम समजून घेतला आणि त्यात स्वतःचे काही घातले. ज्यांना स्वतःचे किंवा परक्याचे एखादे चिन्ह घडवून घ्यायचे असेल, त्यांनी केवळ चित्र न देता त्याचे वर्णन शब्दांत लिहून द्यावे, राळेवर असताना एकदा स्वतः जाऊन पाहावे, आणि उरलेले पैसे पट भिंतीवर लावून पाहिल्यावरच चुकते करावेत. दुकान सोमवारी बंद असते. सकाळी अकराच्या आत गेलात तर म्हातारबुवा भेटतात, दुपारनंतर मुलगा असतो आणि तो मोबाइलवर बोलत असतो. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून पत्रा आणि मजुरी यांचा हिशेब दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्यावा.